उजेडाची शिल्लक

जळकोटपासून समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर लांब. बालाघाटाच्या टेकड्यांतला हा डोंगरी तालुका. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला नांदेड जिल्ह्यातले मुखेड आणि कंधार, मधल्या माळांवर वाड्या आणि तांडे विखुरलेले. इथे शिडाच्या बोटीची गोष्ट काढली तर ती परमुलखातली वाटेल. पण त्या बोटीच्या पोटातल्या छोट्याशा केबिनमध्ये रात्री दिवा कसा जळतो हे कळले, की इथल्या जुन्या माणसांना ती आपलीच गोष्ट वाटावी. सूर्य मावळल्यावर बाहेरून काही मिळणार नाही. जवळ साठवलेले जेवढे असेल तेवढ्यावर रात्र काढायची, आणि आज जास्त जाळले तर उद्या अंधारात बसायचे.

१९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलातले कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईतच परतले. एकट्याने हा पल्ला गाठणारे ते पहिले भारतीय. कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. छप्पन्न फुटांची बोट डच आराखड्यावरून बांधली ती गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. पुढे त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली, आणि त्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी.

अशा बोटीवर आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही. रेडिओ, दिशा दाखवणारी उपकरणे, सुकाणू सांभाळणारे यंत्र, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा, नकाशाच्या टेबलावरचा दिवा, सगळ्यांचा जीव बॅटरीत. शिडाच्या बोटींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बारा व्होल्टचे तारेचे बल्ब असत. हिशेब सरळ आहे. दहा वॅटचे सहा बल्ब पाच तास जळले की बॅटरीतून पंचवीस अँपिअर-तास जातात. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे वापरायला पन्नासच. त्यातले अर्धे एका संध्याकाळच्या दिव्यांनी खाल्ले, तर सुकाणूच्या यंत्राला काय उरणार? त्याच जागी दोन वॅटचे एलईडी लावले की तोच उजेड पाच अँपिअर-तासांत मिळतो. म्हणून जगभरच्या शिडाच्या बोटींत सर्वांत आधी बदलली गेलेली वस्तू कोणती, तर केबिनमधले दिवे. ते बदलताना खलाशी नकाशाच्या टेबलावर एक लाल दिवाही ठेवतात, कारण पांढऱ्या उजेडातून एकदम अंधारात गेलेल्या डोळ्याला पुन्हा दिसू लागायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि लाल उजेडाने ती सवय फारशी मोडत नाही.

जळकोट-उदगीरच्या घरांत हा हिशेब कितीतरी जुना आहे. तिथे बॅटरीच्या जागी तेलाची बुधली होती.

या भागातले जुने घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचे धाबे, खिडक्या लहान आणि मोजक्या. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर दिवसादेखील आतून अंधारेच असे. भिंतीत दिव्यासाठी खास देवळी ठेवलेली. जरा बऱ्या घरात पितळेची किंवा लाकडाची ठाणवई, देवापुढे समई, वाड्यातून लामणदिवे. बाकी घरोघर मातीची पणती आणि घरच्या कापसाची वात. वाती वळणे हे म्हाताऱ्या बायकांचे काम, आणि ते कधी संपायचे नाही.

तेल कुठले? लातूर-नांदेडचा हा पट्टा तेलबियांचा. रब्बीत ज्वारीच्या पाट्यांमधून करडई आणि जवस, खरिपात तीळ, बांधाकडेला एरंड, ओढ्याकाठी करंज. लातूरला आज तेलबिया संशोधन केंद्र आहे त्याची मुळे याच पीकपद्धतीत आहेत. गावचा तेली बैलाच्या घाण्यावर ते गाळून द्यायचा आणि अलुतेदार म्हणून सुगीला धान्य न्यायचा. देवळातल्या नंदादीपाच्या तेलाची जबाबदारी पुष्कळ गावांत त्याच्याकडेच असे. करडईचे तेल फोडणीतही पडे आणि पणतीतही. इथेच खरी अडचण होती. दिवा जाळणे म्हणजे खाण्याच्या तेलाला वाटेकरी आणणे. म्हणून खायला न चालणारी एरंडेल आणि करंजेल ही तेले दिव्याची तेले झाली. एरंडेल सावकाश जळते, धूर कमी करते, उजेड पांढरट देते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या रेल्वेही एरंडेलाचे दिवे जाळत असत, आणि निजामाचे हैदराबाद संस्थान, ज्यात हा सगळा मुलूख होता, एरंडाच्या पिकासाठी नावाजलेले होते.

अशा पणतीचा उजेड किती? पुढच्या काळातल्या एका ६० वॅटच्या बल्बची बरोबरी करायला पणतीएवढ्या साठ-सत्तर ज्योती लागतील. त्या उजेडात ताट दिसते, माणूस ओळखू येतो, सुईत दोरा ओवता येत नाही. दिवेलागणीला दिवा लावायचा, हात जोडायचे, जेवणे उरकायची आणि वात मागे ओढायची, हा क्रम श्रद्धेइतकाच तेलाच्या बुधलीने ठरवलेला होता. रात्रीच्या अंधारात दळण-कांडण करणाऱ्या बाईला दिवा लागत नसे, हाताला सवय असे. पहाटे जात्यावर बसलेली बाई अंधारातच दळत असे, आणि मराठीतल्या ओव्यांचे मोठे भांडार त्या न पेटवलेल्या दिव्यांच्या वेळेत तयार झाले, हे ध्यानात ठेवायला हवे.

मुबलक उजेड सणालाच. आषाढातल्या दीप अमावास्येला घरातले सगळे दिवे राखेने घासून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे. देवीच्या नवरात्रात तुळजाभवानीचे आराधी तेलात भिजवलेली पोत पेटवून नाचवत. आणि लातूर-धाराशिवच्या बाजूची वेळ अमावास्या, लोकांच्या तोंडची येळवस. मार्गशीर्षाच्या अखेरीस अख्खे गाव रानात जेवायला जाते, भज्जी-आंबिल होते, आणि दिवस कलला की कडब्याचा हेंडगा पेटवून रानातून फिरवतात. एरवी थेंबाथेंबाने जपलेला उजेड त्या दिवशी हातात धरून पळायचा. ज्यांनी वर्षभर वात मागे ओढली त्यांनाच या पेटत्या पेंढीची खरी मजा कळत असणार.

रॉकेल आले आणि खाण्याचे तेल दिव्यातून सुटले. हा बदल फार मोठा होता, आणि त्याचे श्रेय या भागापुरते बरेचसे रेल्वेला द्यावे लागते. अमेरिकेतले रॉकेल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बंदरात उतरू लागले होते, मागाहून रशियातल्या बाकूचे आले. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युअल यांचे ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले आणि भाव आणखी उतरले. याच व्यवहारातून पुढे शेल कंपनी उभी राहिली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी लातूरपर्यंत पोचली. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेल्या या छोट्या गाडीने लातूरची पेठ मुंबईच्या बाजाराला जोडली. शेंगा, करडई, कापूस इकडून जायचे, कापड, लोखंड आणि रॉकेलचे डबे तिकडून यायचे. पुढे विकाराबाद-बीदरकडून उदगीरमार्गे परळीचा लोहमार्ग झाला, तेव्हा जळकोटच्या बैलगाड्यांना जवळचे स्टेशन मिळाले.

चार गॅलनचा तो चौकोनी पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावरही घर सोडत नसे. पाणी भरायला, धान्य ठेवायला, कापून छपराला, वाकवून सुपलीला. त्याच्याच पत्र्याचे झाकण औषधाच्या बाटलीला बसवून, भोकातून चिंधीची वात काढली की झाली चिमणी. चिमणीने गरिबाच्या घरात पहिल्यांदा रोजचा, हातात धरून हिंडवता येणारा दिवा आणला. तिने काजळीही आणली. सकाळी नाकपुड्या काळ्या, देवळीच्या वरची भिंत काळी, आणि उलटली की अंगावरच्या लुगड्याला आग. भाजण्याच्या किती घटना या बाटलीने घडवल्या त्याची नोंद नाही, पण ज्या घरात अशी घटना घडली तिथे चिमणीचे नाव आजही जपून घेतात.

कंदील हा त्यापुढचा, आणि विचारपूर्वक घडवलेला दिवा. अमेरिकेतल्या जॉन आयर्विन यांनी १८६८ मध्ये आणि मग १८७३ मध्ये त्याच्या हवेच्या नळ्यांची रचना शोधून काढली. दोन्ही बाजूंच्या पोकळ दांड्यांतून ज्योतीला हवा मिळते, म्हणून वाऱ्यात तो विझत नाही आणि काच असल्याने पेट घेत नाही. हाच कंदील कोकणातल्या गलबतांच्या डोलकाठीला आणि जळकोटच्या बैलगाडीच्या आसाखाली, दोन्हीकडे लटकला. वादळवारा समुद्रावरचा असो की माळावरचा, त्याला सारखाच. बोटीच्या केबिनमध्ये तो फिरत्या कडीत बसवीत, म्हणजे बोट कितीही कलली तरी दिवा उभाच राहावा. बैलगाडीत ते काम दोरी करी.

मराठी घरांतला कंदील बरीच वर्षे परदेशी होता. ते मोडून काढले ओगले बंधूंनी. १९१६ मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कराडजवळ त्यांचा काच कारखाना उभा राहिला, आणि ज्या माळावर तो उभा राहिला त्याचे नाव ओगलेवाडी झाले. तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेला. काच ओतणे, ती तापमानाच्या फरकाला न तडकेल अशी करणे, पत्र्याचे भाग अचूक दाबून काढणे, हे सगळे त्या काळात इथे करून दाखवणे ही किर्लोस्करांच्या नांगराच्या तोडीची कामगिरी होती. नांगराची आठवण मराठी माणसाने जपली तेवढी कंदिलाची जपली नाही. ती जपायला हवी होती, कारण नांगर शेतात राहिला आणि कंदील घराच्या मधोमध.

कंदील आला तसे एक नवे काम आले आणि ते घरातल्या पोरांकडे गेले. तिन्हीसांजेला काच उतरवायची, चुलीतल्या राखेने आणि फडक्याने पुसायची, वात कातरायची, तेल बघायचे. काच फुटली तर बोलणी बसत, कारण नवी काच बाजाराच्या दिवशीच मिळायची. रेशनवर रॉकेल मिळू लागले तेव्हा महिन्याचे ठरलेले लिटर आले, आणि निळ्या रंगाच्या त्या रॉकेलसाठी रांग आली. रंग टाकला होता तो ते काळ्या बाजारात ओळखू यावे म्हणून. चूल पेटवायला, स्टोव्हला आणि कंदिलाला ते पुरवायचे असे. परीक्षेच्या दिवसांत मुलगा रात्री जागला की आईच्या स्टोव्हचे रॉकेल कमी पडे. खाण्याचे तेल दिव्यातून सुटले खरे, पण वाटणी सुटली नाही.

गॅसबत्ती मात्र घरची नव्हती. ती भाड्याने आणायची. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्स कंपनीने १९१० च्या सुमारास ‘पेट्रोमॅक्स’ काढली. पंप मारून दाब द्यायचा, रॉकेलची वाफ करायची आणि ती रेशमी जाळीत जाळायची. ती जाळी, मेंटल, म्हणजे ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांचा १८८० च्या दशकातला शोध. थोरियमच्या ऑक्साइडमध्ये जरासे सेरियम मिसळले की ती जाळी तापून पांढरीशुभ्र चमकते. या थोरियमचा मोठा साठा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडला आणि जगभरच्या गॅसबत्त्यांसाठी ती वाळू युरोपात जाऊ लागली. केरळच्या वाळूतले मूलद्रव्य बर्लिनच्या दिव्यातून फिरून मराठवाड्यातल्या तमाशाच्या फडावर आणि कीर्तनाच्या मांडवात येत असे.

लग्नाची वरात निघाली की गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन माणसे दोन्ही बाजूंनी चालत. तापलेले भांडे, डोक्यावर चुंबळ, कानाजवळ फुसफुसणारी ज्योत, आणि सरळ पुढे बघत चालायचे. मजुरी ठरलेली, तीही तुटपुंजी. नवरा-नवरीवर पडणाऱ्या त्या उजेडाखाली ज्यांचे डोके भाजत होते, ती बहुतेक गावकुसाबाहेरची माणसे होती. उजेडाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळून चालणार नाही.

विजेची गोष्ट या भागात उशिरा सुरू होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते, मुख्य शहरापासून दूर, सरहद्दीवर. संस्थानी काळातली वीज मोठ्या गावांपुरतीच. भाषावार रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी २० जूनला राज्य वीज मंडळ स्थापन झाले. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणातून साठच्या दशकात जलविद्युत मिळू लागली, १९७१ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला आणि खांब माळ चढू लागले.

खांब आले म्हणजे दिवा आला असे मात्र नव्हते. ‘विद्युतीकरण झालेले गाव’ या शब्दांची सरकारी व्याख्या कितीतरी वर्षे अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की पुरे. विहिरीवर एक मोटार बसली की गाव यादीत आले. १९९७ मध्ये वस्तीत वीज वापरली गेली पाहिजे असे ठरले, आणि २००४ मध्ये किमान दहा टक्के घरांत ती हवी, शाळा-पंचायतीतही हवी, अशी अट आली. म्हणजे त्याआधी कागदावर उजळलेल्या गावात नव्वदहून जास्त टक्के घरे कंदिलावर असली तरी नियमाला चालत होते. जळकोटसारख्या विखुरलेल्या वाड्या-तांड्यांच्या मुलखात या व्याख्येने काय केले असेल ते सांगायला आकडेवारी लागत नाही. गावठाणात तार आली, तांड्यावर चिमणीच राहिली. १९८८-८९ मधल्या कुटीर ज्योती योजनेने दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एकेका दिव्याची जोडणी दिली. एक दिवा, तोही बहुधा दाराशी, कारण आतबाहेर दोन्हीकडे त्याचा उजेड पडावा.

वीज आलेल्या घरांतही काटकसर तीच राहिली. चाळीसचा बल्ब स्वयंपाकघरात, साठचा बैठकीत आणि रात्रभर ‘झिरो’चा. हा झिरोचा बल्ब प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॅट खात असे, पण जुन्या चकतीच्या मीटरला इतकी थोडी वीज नोंदता येत नसल्याने ती फुकटच समजली जाई. ट्यूबलाइट आली ती दुकानांत आणि शाळांत आधी. व्होल्टेज पडले की तिचा स्टार्टर लुकलुकत राही आणि पट्टी लागत नसे, तेव्हा संध्याकाळी गिरण आणि मोटारी चालू असताना पिवळा बल्बच मंद का होईना जळायचा.

मग भारनियमन आले. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाली, त्या सुमाराच्या काही वर्षांत ग्रामीण मराठवाड्याने बारा-बारा तास अंधार काढला. कपाटावर ठेवून दिलेले कंदील खाली आले. गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याची योजना आली, ‘सिंगल फेज’ हा शब्द गावातल्या पोरासोरांच्या तोंडी बसला. ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतले, आणि या क्षणी जळकोटचे घर शब्दशः बोट झाले. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी जिन्याखाली, वीज असेल तेव्हा ती भरून घ्यायची, नसेल तेव्हा मोजून वापरायची. दोन बल्ब की एक पंखा? टीव्ही लावायचा की मुलीच्या अभ्यासाची ट्यूब? दोंदे दक्षिण महासागरात जो हिशेब करीत होते, तोच हिशेब त्याच वर्षांत इथली गृहिणी करीत होती.

सीएफएलने हा भार हलका केला, पण महाग आणि नाजूक असा तो मधला टप्पा होता. खरा बदल एलईडीचा.

त्याची वाट लांब होती. निक होलोनिआक यांनी १९६२ मध्ये डोळ्याला दिसेल असा लाल उजेड देणारा डायोड तयार केला, आणि तीस वर्षे हे दिवे यंत्रावरच्या लाल-हिरव्या टिकल्या म्हणूनच राहिले. पांढरा उजेड हवा तर निळा लागतो आणि निळा जमत नव्हता. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवण्याचे काम इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नेटाने केले, शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये निचिया कंपनीत तेजस्वी निळा एलईडी करून दाखवला. त्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. तारेच्या बल्बमध्ये दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो, कंदिलात तर जळणाचा हजारावा हिस्साही उजेडात उतरत नाही. नऊ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या बल्बहून थोडा जास्तच उजेड देतो.

नोबेलनंतर तीनच महिन्यांत, ५ जानेवारी २०१५ रोजी, केंद्र सरकारची एलईडी वाटपाची योजना सुरू झाली, पुढे तिचे नाव ‘उजाला’ पडले. सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्ब एकदम खरेदी केल्याने २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळिसाच्या खाली आला. देशभर छत्तीस कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून गेले. महाराष्ट्रात महावितरणच्या ग्राहकांना ते सवलतीच्या दरात मिळाले. त्याच सुमारास आयआयटी मुंबईने चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने सौर अभ्यासदिव्यांचा उपक्रम राबवला. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या दहा लाख विद्यार्थ्यांना १२० रुपयांत एकेक दिवा मिळाला, आणि तो जोडायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच माणसांना शिकवले. जुन्या सौर कंदिलात सात वॅटची सीएफएल पेटवायला बारा व्होल्टची जड बॅटरी लागायची. एलईडीमुळे ती बॅटरी मुठीत मावण्याएवढी झाली. २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली आणि उरलेल्या तांड्यांपर्यंत मीटर पोचले.

या दिव्याला शत्रूही आहेत, आणि ते बोटीवर आणि माळावर जवळपास सारखे. बोटीची बॅटरी नावाला बारा व्होल्टची, पण इंजिनाने भरताना चौदाच्या वर जाते, आणि साध्या रोधकावर चालणारा स्वस्त एलईडी त्यात जळतो. म्हणून जाणकार खलाशी विद्युतप्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर असलेला दिवाच घेतात. हलक्या ड्रायव्हरचा दुसरा उपद्रव असा, की तो रेडिओत खरखर घालतो. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये त्याबद्दल बोटवाल्यांना इशारा दिला होता. इकडे गावच्या तारेवर दुपारी व्होल्टेज चढते, संध्याकाळी पडते, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की घरातले दोन दिवे गेलेच समजा. दहा-पंधरा वर्षे टिकेल म्हणून सांगितलेला बल्ब दोन वर्षांत बसतो तेव्हा आतले डायोड बहुधा शाबूत असतात, ड्रायव्हर मेलेला असतो. बाजारपेठेतल्या दुकानांत तो काढून नवा बसवून देणारी मुले आहेत. ओगल्यांच्या कंदिलाची काच, वात, झाकण सगळे सुटे मिळत असे. तशी सोय कंपन्यांनी या दिव्यात ठेवलेली नाही, ती या मुलांनी आपल्या डाग-कावियाच्या जोरावर करून घेतली आहे.

घर उजळले, पण रान अजून उरले आहे. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते आणि पाळी बहुतेक वेळा रात्रीची येते. हरभऱ्याला, उसाला, गव्हाला पाणी द्यायला शेतकऱ्याला मध्यरात्री उठून बांधावरून जावे लागते. पूर्वी हातात ‘जीवन साथी’ची पितळी बॅटरी असे, तीन-तीन सेल घातलेली. आता कपाळाला पट्ट्याने बांधलेला एलईडीचा दिवा असतो, म्हणजे दारे धरायला दोन्ही हात मोकळे राहतात. घोणस, मण्यार, नाग याच वेळी बाहेर असतात. मण्यार तर रात्रीचीच, आणि तिचा दंश इतका बारीक की कळतही नाही. दिव्याने पाय कुठे पडतो ते दिसते, गवताच्या आत काय आहे ते दिसत नाही. या माणसांना हवा आहे तो जास्त उजेडाचा दिवा नव्हे, दिवसाची वीज. २०१७ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आणली. गावाजवळच्या जमिनीवर सौर पट्ट्या उभारायच्या आणि त्यांची वीज उपकेंद्रातून थेट शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ज्या वाहिन्यांवर ते काम पुरे झाले तिथले पंप सकाळी चालू होतात. उरलेल्या वाहिन्यांवरचे शेतकरी अजून कपाळाला दिवा बांधून रात्री दारे धरतात, आणि त्यांची पाळी दिवसा कधी येणार हे उपकेंद्राला जाऊन विचारत राहतात.